युटाची पहिली सहल: काय बघायचं, काय सोडायचं

अमेरिकेत नव्याने आलेल्या घरात पहिल्या एक-दोन वर्षांत नायगारा होतो, लास वेगास होतं, तिथूनच ग्रँड कॅन्यनही उरकलं जातं. युटा डोक्यात येतं ते त्यानंतर. नकाशा उघडला की राज्याच्या दक्षिण भागात पाच नॅशनल पार्क दिसतात: झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, कॅन्यनलँड्स आणि आर्चेस. लगेच बेत ठरतो, पाच दिवसांत पाच पार्क. तसे ते होतातही, पण पदरात पडतात ती मुख्यतः पार्किंगं. माझं मत विचाराल तर आठवड्याला तीन पार्क पुरे, आणि आई-बाबा भारतातून आले असतील तर दोनच. कुठले दोन किंवा कुठले तीन, हे ठरतं ऊन, उंची आणि अंतर यांवर. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. आधी अंतरांचा अंदाज घ्या

युटा सुमारे २ लाख २० हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून थोडं मोठं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम ३३ लाख भरली, आणि त्यातले बहुतेक लोक सॉल्ट लेक सिटीच्या वरखाली, वॉसॅच डोंगररांगेच्या पायथ्याशी राहतात. उरलेलं राज्य बरंचसं रिकामं आहे. ‘वाटेत कुठेतरी चहा घेऊ’ हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही. आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या १०० मैलांहून जास्त पट्ट्यात एकही गॅस स्टेशन नाही. थांबून दरी बघायच्या जागा आहेत, तेवढंच. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, आणि निघण्याआधी नकाशे फोनवर उतरवून ठेवा, कारण मोबाइलची रेंज गावाबाहेर पडताच जाते.

विमान कुठे उतरवायचं हे पार्कवर ठरतं. झायन आणि ब्राइससाठी लास वेगास सोयीचं. तिथून झायनला अडीच-तीन तास लागतात. आर्चेस आणि कॅन्यनलँड्ससाठी सॉल्ट लेक सिटीला उतरा. मोॲब गाव तिथून साधारण चार तासांवर आहे. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतायचं असेल तर गाडी दुसरीकडे सोडण्याचे पैसे किती लागतात ते आधी बघा, कधीकधी ते विमानाच्या तिकिटाइतके होतात. आणखी एक बारीक गोष्ट: लास वेगासचं घड्याळ युटापेक्षा एक तास मागे असतं. सकाळी आठला निघून अकराला पोचू असं वाटतं, पोचता तेव्हा तिथे बारा वाजलेले असतात.

२. महिना निवडा

आपल्या सहली ठरतात मुलांच्या सुट्टीवर, आणि भारतातून येणारेही नेमके जून-जुलैमध्येच येतात. युटाच्या दक्षिणेसाठी हाच सगळ्यात वाईट काळ. झायनच्या दरीत पारा ३८ अंशांच्या पुढे सहज जातो आणि खडक संध्याकाळपर्यंत भाजत राहतो. त्यात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दुपारचे वळीव येतात. तुमच्या डोक्यावर आकाश निळं असतं, पाऊस वीस मैलांवर पडतो आणि पाणी अरुंद घळीतून तुमच्यापर्यंत येतं. दरवेळी वर पळायला जागा असेलच असं नाही. अशा दिवसांत व्हिजिटर सेंटरमध्ये पुराचा अंदाज लावलेला असतो. ‘शक्यता आहे’ असं लिहिलेलं असेल तर घळीत उतरायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस उत्तम. जूनच गाठायचा असेल तर चालणं पहाटे उरकायचं आणि दुपार खोलीत काढायची.

उंचीचा विचार मात्र कुठल्याही महिन्यात करावा लागतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. ब्राइसच्या दरीचा काठ ८ ते ९ हजार फुटांवर आहे. झायनमध्ये अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरलेल्या माणसाला दोन तासांत तिथे स्वेटर लागतो, आणि मे महिन्यातही रात्री पाणी गोठू शकतं. दमा, हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांना तिथे चालताना धाप लागते. त्यांच्यासाठी बाकं आहेत, घाई करू नका.

३. पास आणि परवाने

इथे २०२६ पासून मोठा बदल झाला आहे. सगळ्या नॅशनल पार्कांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला मिळतो, बाहेरून आलेल्यांना २५०. शिवाय देशातल्या गर्दीच्या अकरा पार्कांमध्ये पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांकडून माणशी १०० डॉलर जास्तीचे घेतात, आणि झायन आणि ब्राइस या दोघांचीही नावं त्या यादीत आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना लागत नाहीत. तुम्ही इथे राहता आणि आई-बाबा पाहुणे आहेत, अशी गाडी असेल तर कुणाच्या नावावर कुठला पास घ्यायचा हे निघण्याआधी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचून घ्या. इथला रहिवासी असल्याचं फोटो ओळखपत्र जवळ हवंच.

मोन्युमेंट व्हॅलीला हा पास चालत नाही. ती नॅशनल पार्कमध्ये येत नाही. नावाहो या मूळ अमेरिकी लोकांची जमीन आहे, तिकीट त्यांचं वेगळं, आणि तिथे दारू नेणं बेकायदा आहे. मोॲबजवळचं डेड हॉर्स पॉइंट राज्य सरकारचं पार्क आहे, त्याचंही तिकीट निराळं.

झायनच्या एंजल्स लँडिंग या कड्यावर चढायला एप्रिल २०२२ पासून सोडतीतून परवाना मिळतो. शेवटचा टप्पा साखळ्या धरून चढायचा आहे आणि दोन्ही बाजूंना शेकडो फूट खोल कडे आहेत. हरिहर गड हसत चढणाऱ्यांनी अर्ज करावा. इतरांनी नाही केला तरी झायन मुळीच कमी पडत नाही. आर्चेसने काही वर्षं गर्दीच्या महिन्यांत प्रवेशाची वेळ आगाऊ घ्यायला लावली होती. तुम्ही जाल त्या वर्षीचा नियम तपासा.

हॉटेलांच्या बाबतीत एवढंच: पार्कच्या दाराशी असलेली गावं महाग. झायनसाठी स्प्रिंगडेलऐवजी हरिकेन किंवा कनॅब, ब्राइससाठी ट्रॉपिक किंवा पँग्विच, कॅपिटल रीफसाठी टोरी. मोॲबला पर्याय नाही, लवकर आरक्षण करा.

४. पहिला जोड: झायन आणि ब्राइस

आई-बाबांसाठी हाच जोड घ्या. झायन हे युटाचं पहिलं नॅशनल पार्क, १९१९ सालचं. व्हर्जिन नावाची एक छोटीशी नदी आहे, उन्हाळ्यात घोट्याएवढी दिसते, आणि तिने दोन हजार फूट उंचीच्या भिंतींमधून दरी कापली आहे. मोसमात दरीत खासगी गाडी जाऊ देत नाहीत, पार्कची मोफत शटल बस असते. ज्येष्ठांसाठी ही सोय फार चांगली. शेवटच्या थांब्यावर उतरलं की रिव्हरसाइड वॉक सुरू होतो: जाऊन-येऊन सव्वादोन मैल, फरसबंद, जवळजवळ सपाट. कड्यातून पाणी झिरपतं आणि उभ्या दगडावर नेचे आणि रानफुलं लोंबतात. वाळवंटात आहोत हे विसरायला होतं.

ही वाट संपते तिथून नॅरोज सुरू होतं, म्हणजे नदीतूनच चालायचं. तरुण मंडळींनी जरूर जावं. पाणी थंडगार असतं आणि तळाशी गोल, बुळबुळीत दगड, त्यामुळे गावातल्या दुकानातून बूट आणि काठी भाड्याने घ्या. चप्पल घालून उतरलेले लोक शंभर पावलांत परत फिरताना दिसतात. नदीच्या पाण्यात विषारी शेवाळासारखे जिवाणू आढळले आहेत, म्हणून ते तोंडात जाऊ द्यायचं नाही.

झायनहून ब्राइसला जाताना १९३० साली खुला झालेला सव्वा मैलाच्या आतबाहेरचा बोगदा लागतो. त्यात मध्येमध्ये दरीकडे उघडणाऱ्या खिडक्या आहेत, पण थांबता येत नाही. मोठी आरव्ही (आत झोपायची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायचा विचार असेल तर थांबा; या रस्त्यावर मोठ्या गाड्यांना बंदी आणि बंधनं आहेत.

ब्राइस कॅन्यनच्या नावात कॅन्यन आहे, पण ती नदीने कापलेली दरी नव्हे. पठाराची कड ढासळत गेली आणि खाली नारिंगी-गुलाबी सुळक्यांचं रान उभं राहिलं, त्यांना तिथे हूडू म्हणतात. वर्षातल्या जवळपास निम्म्या रात्री इथे भेगांतलं पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. गोठताना ते फुगतं आणि दगड फोडतं. इथल्या पायुट लोकांची गोष्ट वेगळी आहे. हे सुळके म्हणजे पूर्वी माणसंच होती, वाईट वागली म्हणून कायोटी देवाने त्यांना दगड केलं. अहल्येची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या आज्यांना हे स्पष्टीकरण लगेच पटतं. पार्कला ज्याचं नाव आहे तो एबेनेझर ब्राइस हा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा शेतकरी म्हणायचा म्हणे की, गाय हरवायला याच्याइतकी वाईट जागा नाही.

सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा अर्ध्या मैलाचा काठावरचा रस्ता पक्का आहे, व्हीलचेअरही जाते. गुडघे शाबूत असतील तर क्वीन्स गार्डन आणि नावाहो लूप जोडून तीन मैलांची फेरी करा. क्वीन्स गार्डनने उतरायचं, तो उतार सौम्य आहे. वर येताना मात्र वाटतं त्यापेक्षा दुप्पट वेळ धरा, हवा विरळ आहे. रात्री कपडे चढवून पुन्हा बाहेर या, चांदणं बघायला ही अमेरिकेतल्या नामांकित जागांपैकी एक आहे.

५. मधला रस्ता: हायवे १२ आणि कॅपिटल रीफ

तिसरं पार्क घ्यायचं असेल तर मी कॅपिटल रीफ घेईन. बरेच जण ते गाळतात. माझ्या निवडीचं निम्मं श्रेय रस्त्याला आहे. ब्राइसजवळून निघणारा हायवे १२ एस्कलांटेवरून बोल्डर गावाकडे जातो आणि मध्ये एका ठिकाणी खडकाच्या चिंचोळ्या धारेवरून धावतो. दोन्हीकडे दरी, कठडा नाही. चालवणाऱ्याने चालवावं आणि बाकीच्यांनी बघावं. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता साडेनऊ हजार फुटांवर चढतो आणि ॲस्पेनचं जंगल लागतं.

ॲस्पेनवरून आठवलं. इथून फार लांब नाही असं फिश लेक आहे, आणि त्याच्या काठी पांडो नावाचं झाड. दिसायला जंगल: १०६ एकरांवर ४७ हजारांच्या आसपास खोडं. पण सगळ्यांची मुळं एकच, जनुकंही एकच. एका बीपासून झालेलं एकच झाड. सप्टेंबरच्या शेवटी ते पिवळंधमक होतं.

कॅपिटल रीफच्या पोटात फ्रूटा नावाची वस्ती आहे. १८८० च्या दशकात आलेल्या मॉर्मन कुटुंबांनी इथे नदीकाठी फळबागा लावल्या आणि त्या आता पार्क सांभाळतं. जूनमध्ये चेरी, मग जर्दाळू, ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंद. बाग उघडी असल्याची पाटी असेल तर आत जायचं, तिथली लांब दांड्याची झेली घ्यायची आणि तोडायची. बागेत उभं राहून खाल ते फुकट, घरी न्याल त्याचे वजन करून पैसे डब्यात टाकायचे. देखरेखीला कुणी नसतं. जवळच्या गिफर्ड हाउसमध्ये फळं भरून भाजलेले छोटे ‘पाय’ (pie) मिळतात, दुपारपर्यंत संपतात. रस्त्याकडेच्या कड्यावर फ्रीमाँट या प्राचीन मूळ रहिवाशांनी कोरलेली माणसं आणि शिंगवाली जनावरं दिसतात. हात लावू नका, अंगाच्या तेलाने ती खराब होतात.

६. दुसरा जोड: मोॲब

मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर हा जोड जास्त रंगतो. मोॲब १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधाने भरभराटीला आलं. आता सायकली आणि जीपांवर चालतं. गावापासून आर्चेसचं दार पाच मैलांवर.

आर्चेसमध्ये दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी आहेत, आणि त्यांचं मूळ मिठात आहे. तीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो वारंवार आटला आणि हजारो फूट जाडीचा मिठाचा थर मागे राहिला. वर वाळूचे खडक साचले. त्या वजनाखाली मीठ हळूहळू सरकलं, कुठे फुगलं, कुठे विरघळून खचलं, आणि वरचा खडक समांतर चिरला. त्या उभ्या पातळ भिंतींना पाणी आणि बर्फ पोखरत गेले, की भोक पडतं. भोक वाढतं आणि शेवटी कमान कोसळतेही. २००८ च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च एका रात्रीत पडली. त्याआधी १९९१ मध्ये लँडस्केप आर्च या जवळपास ३०० फूट लांबीच्या कमानीचा साठ फुटी तुकडा पर्यटकांदेखत खाली आला. आधी कडकड आवाज झाला म्हणून खालचे लोक पळाले. आता तिच्याखाली जाऊ देत नाहीत, दुरून बघायची. इतकी बारीक झाली आहे की दगड अजून धरून कसा आहे याचं नवल वाटतं.

डेलिकेट आर्च ही युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरची. तिथवरची वाट जाऊन-येऊन तीन मैल, पण मध्ये मोठा उघडा खडक तिरका चढायचा आहे आणि सावलीचं एक झाड नाही. सूर्यास्ताला जत्रा असते. सकाळी सातला निघालात तर निवांत. शेवटी वाट एका कड्याच्या पोटातून वळते. तोपर्यंत कमान दिसत नाही आणि वळण संपलं की एकदम समोर येते. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. हे आकडे उगाच सांगत नाहीत, मोॲबच्या बचाव पथकाला दर उन्हाळ्यात काम असतं. चढ जमणार नसेल तर बॅलन्स्ड रॉक आणि विंडोज या जागा गाडीपासून हाकेवर आहेत.

कॅन्यनलँड्सचा आयलंड इन द स्काय भाग अर्ध्या दिवसात होतो. मेसा आर्चला सूर्योदयाला कॅमेऱ्यांची भिंत असते, मी म्हणेन झोपा आणि नऊला जा.

दोन्ही पार्कांत वाटेबाहेर पाऊल टाकू नका. काळपट, खडबडीत दिसणारी माती जिवंत असते, जिवाणू आणि शेवाळाने बांधलेली. एका बुटाचा ठसा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. ड्रोन पाचही पार्कांत बंद आहे.

७. खाण्याचं काय?

शाकाहारी असाल तर लहान गावांत मेक्सिकन जेवणावर भिस्त. पण बीन्समध्ये डुकराची चरबी घातली आहे का, ते आधी विचारा. सेंट जॉर्जला किंवा सॉल्ट लेकला मोठ्या दुकानातून दही, फळं, टॉर्टिया भरून घ्या, बर्फाची पेटी घ्या. छोटा राइस कुकर आणि मेतकूट हे संयोजन मोटेलमध्ये कितीतरी संध्याकाळी सोडवतं. रविवारी पुष्कळ दुकानं आणि हॉटेलं बंद असतात, मॉर्मन समाजाचा तो प्रार्थनेचा दिवस. बियर किराणा दुकानात मिळते, पाच टक्क्यांपर्यंतची. वाइन आणि बाकीची दारू सरकारी दुकानांतच मिळते आणि तीही रविवारी बंद. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०५ टक्के, बहुतेक राज्यांत ती ०.०८ आहे.

हेच ते राज्य ज्याने २००१ मध्ये जेलीला अधिकृत खाऊ ठरवलं. आणि केएफसीची पहिली फ्रँचायझी केंटकीत नव्हे, १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत उघडली.

८. उत्तरेला एक दिवस

मोॲबहून सॉल्ट लेककडे परतताना स्पॅनिश फोर्क लागतं. तिथे माळावर राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, आवारात लामा चरतात, आणि वसंतात होळीला हजारो लोक रंग खेळायला येतात, बहुसंख्य गोरे विद्यार्थी. गणपतीचं दर्शन हवं असेल तर साउथ जॉर्डनला श्री गणेश मंदिर आहे.

शहराचे पत्ते पहिल्यांदा चक्रावतात: ‘३०० साउथ, ५०० ईस्ट’. सगळं टेंपल स्क्वेअरपासून मोजलेलं असतं, शंभराला एक चौक. ब्रिगम यंग या पुढाऱ्याच्या मॉर्मन लोकांनी १८४७ मध्ये हे शहर वसवलं, आणि रस्ते १३२ फूट रुंद ठेवले. इथेच १८७० च्या फेब्रुवारीत सेराफ यंग या तरुण शिक्षिकेने मत दिलं; समान मताधिकाराच्या कायद्याखाली मत देणारी अमेरिकेतली ती पहिली बाई. १८८७ मध्ये तो हक्क वॉशिंग्टनने काढून घेतला आणि १८९६ मध्ये युटा पंचेचाळिसावं राज्य झालं तेव्हा परत मिळाला.

रेल्वेवेड्यांनी दीड तास उत्तरेला प्रोमोंटरीला जावं. १० मे १८६९ ला पूर्वेचा आणि पश्चिमेचा लोहमार्ग इथे जुळला. मोसमात त्या दोन इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती समोरासमोर आणतात. बाकीच्यांनी अँटिलोप आयलंडला जावं: ग्रेट सॉल्ट लेकमधलं बेट, गाडीने जाता येतं, १८९३ मध्ये आणलेल्या बायसनचे वंशज रस्त्यावर आडवे येतात. गाडीतच बसून राहा. तळ्यात मीठ इतकं की माणूस बुडत नाही, पण पाणी गेल्या काही वर्षांत खूप मागे सरलं आहे, तरंगण्याआधी बरंच चालावं लागतं. काठावर माश्या आणि कुजका वास असतो, मे महिन्यात चावरे किडेही. पोहायचं असेल तर अंगावर ओरखडा नाही ना बघा, आणि अंग धुवायला दोन बाटल्या गोडं पाणी गाडीत ठेवा.

विमानतळावर गाडी देण्याआधी पायाखालचे गालिचे एकदा झटका. युटाची लाल वाळू सीटच्या फटीत जाऊन बसते, आणि गाडी भाड्याने देणारे तिच्या सफाईचे पैसे वेगळे लावू शकतात.